तंबोरा लावा आणि ऐका

लॅपटॉपला जोडायचं यूएसबी साउंड कार्ड घ्यायला गेलं की दुकानदार दणदणीत ठेक्याचं एखादं सिनेमागीत लावतो, आवाज चढवतो आणि विचारतो, "कसं वाटतंय?" चांगलंच वाटतं. तसल्या गाण्यात वाद्यांची इतकी दाटी असते की डबीचे सगळे दोष तिच्यात खपून जातात. पारख करायची तर ख्यालाच्या मैफलीचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण घ्यावं आणि त्याची फक्त सुरुवात ऐकावी. गवयाने अजून षड्ज लावलेला नाही, तबलजीची हातोडी गट्ट्यांवर फिरते आहे, श्रोत्यांत कुणीतरी खाकरतं आहे आणि मागे दोन तंबोरे नुसते झंकारत आहेत. मैफल कुमार गंधर्वांची असेल तर उत्तमच. तंबोरे जुळवण्याबद्दल त्यांच्याइतका आग्रही गवई विरळा.

तंबोऱ्याचा नाद वरवर ऐकला तर एकसुरी वाटतो. जरा थांबून ऐकावं. पंचमाची तार, जोडाच्या दोन तारा आणि शेवटी खर्ज असा फेरा पुरा होतो तेव्हा छेडलेल्या चार तारांखेरीज कितीतरी स्वर खोलीत उभे असतात. काळी एकच्या पट्टीतला तंबोरा असेल तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. तिच्या पाचपट कंपनांचा, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपासचा जो स्वर तिच्यातूनच उमलतो, तो स्वयंभू गंधार. तो कुणी छेडलेला नसतो, तरी कान दिला की स्वच्छ ऐकू येतो. त्याच्याही वर जवारीचा झगमगाट. घोडीची पाठ किंचित बाकदार असते. तिच्यावर, तारेखाली, सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की तार घोडीला हलकेच चाटत कंप पावते आणि वरचे उपस्वर एकेक करून उजळतात. तार छेडल्याबरोबर ही चमक वर असते आणि नाद विरत जाईल तशी ती खाली उतरत येते. हे उतरणं कानाने पकडता आलं पाहिजे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या विषयावर निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निष्कंप बिंदू येतो ते उपस्वर वाजू नयेत, असा ध्वनिशास्त्राचा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ मोडतात आणि ते त्या घोडीच्या घडणीमुळे, हे रामन यांनी मांडलं. मिरजेच्या सतारमेकरांना ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून हाताने माहीत होती. तिथला कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस फिरवतो. त्याच्या मेहनतीचं फळ आपल्या हेडफोनपर्यंत पोचतं की वाटेत सांडतं, साउंड कार्ड निवडताना मला एवढाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

आता हीच सुरुवात लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकमध्ये हेडफोन घालून ऐका. पुष्कळ लॅपटॉपांत तंबोऱ्यावर एक बारीक शिसकारी येऊन बसते. माऊस हलवला, पान वरखाली केलं की तिच्यात चिरचिर मिसळते. प्रोसेसर एका क्षणी भरपूर वीज ओढतो, पुढच्या क्षणी सोडतो. त्याला वीज पुरवणारी सर्किटं सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात आणि आवाजाची चिप त्याच बोर्डावर, त्यांच्या शेजारी असते. तिथून थोडी जरी गळती झाली तरी जवारीचं टोक बोथट होतं. साउंड कार्ड बाहेर काढायचं ते मुळात या शेजारापासून सुटका म्हणून. अर्थात सगळे लॅपटॉप असे नसतात. २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रोचा जॅक हेडफोनचा रोध ओळखतो आणि दीडशे ओहमच्या वरच्या हेडफोनला ३ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. ज्याच्या लॅपटॉपवर तंबोरा आधीच स्वच्छ वाजतो त्याने नुसत्या ऐकण्यासाठी वेगळी डबी घेऊ नये.

शिसकारी वेगळी आणि गुणगुण वेगळी. लॅपटॉप चार्जरला लावलेला, अँप्लिफायर किंवा टेप डेक दुसऱ्या प्लगवर आणि दोघांना जोडणारी केबल, अशी मांडणी झाली की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि स्पीकरमधून घूं सुरू होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण ५०, १००, १५० अशा पटींत येते. काळी एकच्या तंबोऱ्यात पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या जवळ असते. १०० आणि १०४ शेजारी शेजारी वाजले की सेकंदाला चारेक वेळा नाद फुगतो आणि ओसरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पंचम जरा सुटलाय, तंबोरा नीट लागलेला नाही. भिंतीतल्या विजेचा दोष असा गवयाच्या माथी बसतो. गुणगुण ऐकू आली की पहिल्यांदा चार्जर काढून बघावा. थांबली तर दोष अर्थिंगचा. आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: नुसती महागडी डबी घेऊन ही गुणगुण जात नाही, कारण यूएसबीच्या केबलमधूनही अर्थ जोडलेलाच राहतो. बॅलन्स्ड आउटपुट असलेलं कार्ड आणि तसंच इनपुट असलेले स्पीकर, नाहीतर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, हे त्यावरचे उपाय.

खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं. तिथे ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ असे आकडे असतात. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर चालते. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज. माणसाचा कान ऐन तारुण्यातही २० च्या पुढे सहसा ऐकत नाही. ऐकण्यापुरते सीडीचे आकडे भरपूर आहेत. ३८४ बघून एक रुपयाही जास्त देऊ नये.

आकड्यांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. यूएसबीच्या साध्या वेगात लॅपटॉप दर मिलिसेकंदाला एक पुडकं पाठवतो. सीडीचा आवाज असेल तर नऊ पुडक्यांत ४४-४४ नमुने आणि दहाव्यात ४५, असा हिशेब जमवावा लागतो. जुन्या आणि स्वस्त डब्या लॅपटॉपच्या या चालीचा अंदाज घेत आपली चाल सतत सावरत राहतात. असिंक्रोनस पद्धतीत कारभार उलटा होतो. ठेका तबलजीने धरावा आणि गवयाने त्यावर गावं, तसं इथे डबीतलं स्फटिकाचं घड्याळ लय धरतं आणि लॅपटॉपला सांगतं, जरा जास्त पाठव, जरा कमी पाठव. वेव्हलेंग्थ ऑडिओच्या गॉर्डन रँकिन यांनी या पद्धतीवर बरंच मूलभूत काम केलं, आणि त्यांचीच आज्ञावली घेऊन ऑडिओक्वेस्टचा ड्रॅगनफ्लाय २०१२ साली आला.

या ड्रॅगनफ्लायवर माझा जीव आहे. पेनड्राइव्हएवढी वस्तू, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोनचा जॅक. पाठीवर चतुराची आकृती आणि ती पेटते. ४४.१ चा आवाज चालू असेल तर हिरवी, ४८ ला निळी, ८८.२ ला पिवळसर, ९६ ला किरमिजी. शोभेची वस्तू म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. सीडीवरून उतरवलेली मैफल लावली आणि चतुर निळा झाला, तर समजायचं की विंडोजने मध्येच ४४.१ चे ४८ करून टाकले आहेत. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ४४.१ निवडलं की रंग बदलून हिरवा होतो. आजकालच्या सिस्टिम हे रूपांतर बरंच नीट करतात, कानाला फरक कळेलच असं मी म्हणणार नाही. पण आपल्या आवाजाचं वाटेत काय झालं हे उघड सांगणारं यंत्र मला आवडतं. महागड्या कार्डांच्या तोंडावर दिव्यांची रांग असते आणि त्यातला एकही दिवा एवढं सांगत नाही.

ड्रॅगनफ्लाय ब्लॅक १.२ व्होल्ट देतो, रेड २.१ व्होल्ट. हा फरक आवाजाच्या दर्जाचा म्हणून विकला जातो, पण प्रश्न खरं तर हेडफोनचा आहे. फोनबरोबर येणाऱ्या किंवा ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट पुष्कळ झाला. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल आणि ऐकायची असेल जुनी, हळू पातळीवर मुद्रित झालेली ख्यालाची बैठक, तर १ व्होल्ट अपुरा पडतो. बटण पूर्ण फिरवूनही गवई लांबच राहतो. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे डबीचा स्वतःचा आउटपुट रोध. तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा. तो जास्त असला की ज्या हेडफोनांचा रोध मंद्रात चढतो त्यांच्यात मंद्र फुगतो. डग्ग्याचा घुमारा सुजल्यासारखा होतो, घसीट कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कळेनासं होतं. काही लोकांना हे 'दमदार बेस' म्हणून आवडतं. मला आवडत नाही. डग्ग्यावर हाताचा तळवा कसा दाबला गेला हे ऐकू आलं पाहिजे.

केवळ ऐकायचं असेल, हेडफोन साधा असेल आणि लॅपटॉपला यूएसबी-सी असेल, तर अ‍ॅपलची हेडफोन जोडायची चिमुकली दोरी, २०१८ पासून अमेरिकेत ९ डॉलरला मिळणारी, फार गुणाची आहे. तिच्यात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आहे, आउटपुट रोध १ ओहमच्या आसपास आहे आणि शिसकारी जवळजवळ नाही. एवढीशी दोरी आणि तिच्यातून स्वयंभू गंधार इतका निवांत उमटतो की तिच्या दहापट किमतीची डबी कशाला घ्यावी याचं उत्तर शोधावं लागतं. युरोपात विकली जाणारी मात्र निम्माच व्होल्ट देते. परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

इथवर आवाज लॅपटॉपमधून बाहेर काढण्याचं झालं. आत घेण्याचं काम अधिक जोखमीचं आहे, आणि मराठी घरांतून त्याची गरजही मोठी आहे. खासगी बैठकांच्या, गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या, गुरूने शिकवताना मुद्रित करू दिलेल्या तालमींच्या कॅसेट कपाटांत पडून आहेत. त्यातल्या पुष्कळांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही.

कॅसेट लॅपटॉपवर उतरवायची म्हटलं की माणूस पहिल्यांदा डेकची केबल लॅपटॉपच्या जॅकमध्ये घालून बघतो. तो चार पट्ट्यांचा जॅक हेडसेटसाठी केलेला आहे. त्यात आवाज आत घ्यायला माइकची एकच वाहिनी असते, आणि माइक देतो काही मिलिव्होल्ट, तर डेकच्या लाइन आउटमधून येतो व्होल्टाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. आवाज फाटतो. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून '७.१' लिहिलेली इवलीशी यूएसबी डबी आणली जाते, हिरवं भोक हेडफोनचं, गुलाबी माइकचं. तिच्यातही बहुधा तैवानच्या सी-मीडियाची साधी चिप असते, जिच्यात आवाज आत जायला पुन्हा एकच वाहिनी. सात वाहिन्या सॉफ्टवेअरने भासवलेल्या असतात.

"पण आमची कॅसेट मोनोच आहे, एक वाहिनी पुरे," असं कुणी म्हणेल. पुरत नाही. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालते. ५ किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लहर टेपवर ०.०१ मिलिमीटरपेक्षाही कमी जागा घेते. हेड केसभर तिरकं असलं की डाव्या आणि उजव्या पट्टीवरची तीच लहर मागेपुढे होते आणि दोन्ही एकत्र केल्यावर वरचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून मोनो कॅसेटसुद्धा दोन्ही वाहिन्या वेगळ्या ठेवून उतरवायची. पुढे त्यातली चांगली निवडता येते, मागेपुढे सरकवून जुळवता येतात.

आणि त्याआधी हेड सरळ करायचं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. हेडफोन घालून, तंबोऱ्याची सुरुवात लावून, छोट्या पेचकसाने तो जेमतेम फिरवावा. एका दिशेने नेला की तंबोरा घोंगडीखालून आल्यासारखा होतो. परत आणताना एका जागी जवारी अचानक उघडते, मागचे श्रोते वेगवेगळे ऐकू येऊ लागतात, हातोडीचा टणत्कार खोलीच्या भिंतीवर आपटून परत येताना कळतो. तीच जागा. पेचकस तिथे काढून घ्यायचा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर मुद्रित झालेली असते, त्यामुळे हे प्रत्येकीला करावं लागतं. एवढ्या सूक्ष्म फरकासाठी जे कार्ड हवं, ते ऐकवतानाही प्रामाणिक हवं. शिसकारीने भरलेल्या जॅकमधून ही जागा सापडत नाही.

बेरिंजरचं यूसीए२०२ हे या कामासाठी लोक फार वर्षं वापरत आले आहेत. त्याला डेकच्या केबल थेट बसतात, आणि कॅसेटचा मूळ पल्ला डॉल्बीशिवाय पन्नास-साठ डेसिबलच्या आसपासच असल्यामुळे त्याचे १६ बिट हिशेबाने पुरतात. पण त्याला आत येणारा आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही. बैठकीचं ध्वनिमुद्रण मोठं लहरी असतं. आलापी खालच्या पातळीवर चाललेली, तासाभराने द्रुतात तिहाई पडते, टाळ्या कोसळतात, माइकशेजारी बसलेला कुणी "क्या बात है" म्हणून उसळतो. तिथे पातळी आपल्या हातात हवी आणि वर मोकळी जागा हवी. २४ बिटांचा खरा उपयोग हा. सगळ्यांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलपर्यंत येईल अशी पातळी धरली, तरी खालचं काही हरवत नाही.

म्हणून माझी निवड फोकसराइटचं स्कार्लेट टू-आय-टू. दोन आत, दोन बाहेर. मुखावर दोन गोल बटणं आणि त्यांच्याभोवती प्रकाशाची कडी. आवाज येतोय तोवर हिरवी, भरत आला की पिवळी, फाटला की लाल. मीटरकडे टक लावून न बसता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून हे रंग दिसत राहतात आणि कान मैफलीत राहतो. कंपनीचा पाया १९८५ मध्ये रूपर्ट नीव्ह यांनी घातला. स्कार्लेटची मालिका २०११ पासूनची. मुखावर 'एअर' नावाची कळ आहे, ती वरच्या स्वरांना उठाव देते. कॅसेट उतरवताना ती बंद ठेवावी. डेकच्या केबलला पाव इंची जॅकचे कनेक्टर लावून घ्यावे लागतात, एवढाच वरखर्च. याच मालिकेतलं 'सोलो' स्वस्त म्हणून उचलू नका. त्यात एक जागा माइकची आणि एकच लाइनची आहे, त्यामुळे डेकच्या दोन्ही वाहिन्या त्यात सरळ घेता येत नाहीत.

जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेने, आयासाने, जतनासाठी कमीत कमी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगितले आहेत, शक्य तिथे ९६. घरी ४८ पुरे. तासाला साधारण एक जीबी जागा लागते, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला दीड. फाइल डब्ल्यूएव्हीच ठेवावी. मूळ ध्वनिमुद्रण डॉल्बीवर नसेल तर डेकवरची डॉल्बीची कळ बंद असू द्या, नाहीतर ती वरचे स्वर दाबते. आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कधीही चालवू नका. टेपची शिसकारी आणि तंबोऱ्याची जवारी एकाच उंचीवर राहतात. सॉफ्टवेअरला त्यांच्यातला फरक कळत नाही, ते दोघींनाही पुसतं. मागे उरतो तो गुळगुळीत, मेलेला तंबोरा, आणि त्याच्यावर गाणारा गवई पोरका वाटतो. शिसकारी राहू द्यावी. थोड्या वेळाने कान तिला बाजूला सारतो आणि जवारी तेवढी ऐकतो.

कोकणात आणि मुंबईत दर पावसाळ्यात टेपवर बुरशीचा पांढरा थर चढतो आणि चालू डेकही आता मुश्किलीने मिळतात. घरात कुणाच्या मैफलीच्या कॅसेट असतील तर आधी डेक नीट करणारा माणूस गाठा, हेड स्पिरिटने पुसून घ्या, कार्डाला दोन वाहिन्यांचं लाइन इनपुट आहे याची दुकानातच खात्री करा आणि पुढच्या जूनच्या आत सगळं उतरवून ठेवा. फाइलच्या नावात गायक, राग, गाव आणि साल लिहा, साथीला कोण होतं तेही लिहा. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवा. कॅसेट मात्र टाकून देऊ नका.